सावडीला दिलेला माणूस

सोमवार, १७ जानेवारी १९९४

जळगावची बैठक आटोपून घरी आलो. पॅसेंजरला बोदवडपर्यंत उभा, पुढे एसटीत मागच्या सीटवर. पाठीचं भजं झालं, पण आज मन खूश आहे.

खानदेशातल्या सहा नगरपालिकांनी मिळून एक मंडळ काढलंय. नाव ‘नगर-सावड’. शेतकरी सावड करतात ना, आज तुझ्या वावरात माझे बैल, उद्या माझ्या वावरात तुझे, तसंच हे. पाणी, कचरा, गटारी, झाडं, ज्या गावाला जे जमतं ते त्यानं दुसऱ्या गावाला शिकवायचं. पैशाचा व्यवहार नाही, दिवसाला दिवस. ही कल्पना बोरदरे नगरपालिकेच्या पाणी खात्याच्या अभियंता कु. कांचन कोटेचा यांची. बोरदरे म्हणजे धुळे जिल्ह्यातलं, शिंदखेड्याच्या पुढे. वय सव्वीस असेल. वडील ज्ञानचंद कोटेचा यांचं कापडाचं दुकान आहे म्हणे. पोरगी गल्ल्यावर बसायची ती पाइपलाइनच्या नकाशावर बसली. बोलते मात्र खणखणीत.

प्रत्येकानं आपल्याकडे काय आहे ते सांगायचं होतं. एकानं गटार उपसायची गाडी सांगितली, एकानं केळीच्या खुंटांचं खत. आमचे मुख्याधिकारी माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “आमच्या हिंगणखेड्याकडे कान आहे.”

लोक हसले. मग मी भिकाचं सांगितलं. भिका आधार बिऱ्हाडे, माझ्या हाताखालचा फिटर. लोखंडी सळई जमिनीवर टेकवतो, वरच्या टोकाला कान लावतो, आणि चार फूट खाली पाइप कुठे गळतोय ते सांगतो. टाकीतून शंभर हंडे सोडले तर आमच्याकडे नव्वद हंडे घरांत पोचतात. बाकीच्या गावांत साठ पोचले तरी सत्यनारायण घालतील.

टाळ्या पडल्या. पंधरा वर्षं ओव्हरसियर आहे, पहिल्यांदा टाळ्या घेतल्या.

गुरुवार, २० जानेवारी

भिकाला सांगितलं, आता तुला गावोगाव जायचंय, पहिलं बोरदरे. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणतो, “जासू साहेब. पन सळई लई जाऊ का?”

म्हणजे न्हाव्यानं विचारावं, वस्तरा नेऊ का? मी म्हटलं, बाबा रे, सळईसाठीच तर बोलावलंय.

भोळा माणूस आहे. एकोणऐंशी साली चारी खणायला रोजंदारीवर होता, मी भांडून कायम केला. तेव्हापासून माझा शब्द खाली पडू दिला नाही. नव्वद साली नदीतल्या विहिरीच्या कामात सुरुंग आधीच उडाला. तेव्हा विहिरीत भिकाच होता, मीच उतरवला होता. आठ दिवस घरी पडून होता. मी त्याची गैरहजेरी लावली नाही, मस्टरवर आठही दिवस हजर दाखवला. अपघाताची नोंद झाली असती तर चौकशी, जबाब, नसत्या भानगडी. असं कोणता साहेब करतो?

आमच्या घरीही येतो. ओट्यावर बसतो. त्याचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असतो, चहा पिऊन स्वतःच विसळून ठेवतो. कधी सांगावं लागलं नाही. मेमध्ये रिटायर होईल. त्याचा विचार आत्ता नको.

शनिवार, १२ फेब्रुवारी

भिका चार दिवसांनी बोरदऱ्याहून आला. चार दिवसांत सात गळत्या काढल्या म्हणे. आमच्याकडे चार दिवसांत सात कधी काढल्या होत्या?

काय काय झालं विचारलं. तर ऑफिसात बसायला खुर्ची दिली, बाई ‘भिकाभाऊ’ म्हणतात, ‘अहो-जाहो’ करतात, दुपारी स्वतःच्या डब्यातली खिचडी दिली. सांगताना तोंडावरून नुसतं तूप ओघळत होतं. मी म्हटलं, ठीक आहे, जा आता, शनिपेठेचा व्हॉल्व्ह बघ. त्याला पुन्हा सांगावं लागलं.

मंगळवार, १५ फेब्रुवारी

आज बाजारात मागून दोन हाका मारल्या. भिका सरळ चालत गेला. तिसरी हाक इतक्या जोरात मारली की भाजीवाल्या बायका वळून बघायला लागल्या. भिका नाही वळला.

खुर्चीवर बसवलं की माणसाची मान अशी ताठ होते. चार दिवसांत ही गत, पुढे काय?

गुरुवार, ३ मार्च

बोरदऱ्याचा अहवाल आला. सहाही नगरपालिकांना गेलाय. पहिल्याच ओळीत: ‘श्री. भिका आधार बिऱ्हाडे यांनी सात ठिकाणच्या गळत्या शोधून दिल्या.’ श्री. म्हणे. माझं नाव खाली ‘सौजन्य’मध्ये.

पंधरा वर्षं मी अहवाल लिहितोय. मी लिहितो, ‘खात्यामार्फत गळती शोधण्यात आली.’ असाच लिहायचा असतो अहवाल. उद्या झाडूवाल्याचंही नाव घालाल, मग अहवाल लिहायचा की लग्नपत्रिका छापायची?

मुख्याधिकारी म्हणाले, “छान लिहिलंय हो बाईंनी.” मी हो म्हटलं. पिकतं तिथे विकत नाही हे खरं. पण पिकवलं कुणी, ते तरी विचारा.

रात्री जेवताना ही म्हणाली, “तुमच्या पोटात दुखतंय.” मी म्हटलं, वांग्याची भाजी तिखट झालीय.

शनिवार, १९ मार्च

कांचनबाई दोन दिवस आमच्या गावात होत्या. भिकाची पद्धत बघायची म्हणे. मी पूर्ण नकाशा घेऊन तयार होतो, टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत. नकाशा दहा मिनिटं बघितला, मग भिकाच्या मागे ऊन खात फिरल्या.

त्यांची एक सवय मला अजिबात आवडली नाही. भिकाशी बोलायचं झालं की पुढे जाऊन त्याच्या तोंडासमोर उभ्या राहतात. काय ते दर वेळी मिरवणं. चालता चालता बोलता येत नाही?

दुपारी दीडच्या सुमारास मी छत्री घेऊन बघायला गेलो. दोघं वाण्यांच्या मोकळ्या बखळीशी निंबाखाली उभे राहून एका झोपलेल्या कुत्र्याकडे बघत होते. बाई वहीत लिहीत होत्या. नगर-सावडीचं काम चालू होतं.

जाताना मला म्हणाल्या, “सर, भिकाभाऊंचा कान तुम्ही कधी डॉक्टरांना दाखवला होता का?” मी हसून म्हटलं, “बाई, तो कान डॉक्टरांनीच येऊन बघावा असा आहे.” त्यांनी वही मिटली. बरी जिरली.

शुक्रवार, ८ एप्रिल

बोरदऱ्याचं पुन्हा पत्र. भिकाला पंधरा दिवस पाठवा, सगळ्या गावांचे फिटर तिथे येतील, भिका शिकवेल.

मी उत्तर लिहिलं: ‘उन्हाळ्याचे दिवस असल्याने सदर कर्मचाऱ्यास सोडणे शक्य नाही. पर्यायी व्यवस्था म्हणून लोटन पाटील, व्हॉल्व्हमन, यांस पाठवीत आहोत.’ लोटनला एवढंच येतं, व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवला की बंद आणि डावीकडे फिरवला की उघडा. त्यातही चुकतो.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

सोमवार, २५ एप्रिल

मुख्याधिकाऱ्यांनी बोलावून झापलं. सावडीत कपट करता का, म्हणाले. शेतकरीसुद्धा सावडीला लंगडा बैल पाठवत नाही. भिकाला आजच्या आज सोडा.

कांचनबाईंनी तक्रार केली असणार असं वाटलं. नंतर कळलं, लोटननं तिकडे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “मला काही येत नाही, साहेबांनी पाठवलं म्हणून आलो.” त्यांनी त्याला परत न पाठवता ठेवून घेतलं, आता तोही शिकतोय म्हणे. ‘भिकाभाऊंनाही पाठवता आलं तर बरं’ एवढंच पत्रात आहे.

कानामागून आली आणि तिखट झाली. आधी भिका, आता लोटनसुद्धा.

बुधवार, ४ मे

गवळीवाड्यात तीन दिवस पाणी नाही. टाकी भरतेय, व्हॉल्व्ह उघडा आहे, पण मधेच कुठेतरी जमीन पाणी पिऊन टाकतेय. तेराला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. घरोघर पितरांच्या नावानं घागर भरायची असते, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून पुजायची असते. लेकी माहेरी आलेल्या असतात. त्या दिवशी नळाला पाणी नसलं तर लोक माझीच घागर भरतील.

भिका बोरदऱ्यात. बोलावून घ्या, असं मुख्याधिकारी म्हणाले. मी म्हटलं, गरज नाही, साहेब. पंधरा वर्षं शेजारी उभं राहून बघितलंय.

शनिवार, ७ मे

आज दुपारी दोनला स्वतः सळई घेऊन निघालो. यावेळी रस्त्यात चिटपाखरू नसतं, आवाज नीट येतो. वीस ठिकाणी टेकवली. मिठाईच्या दुकानासमोर आवाज आला. ढप, ढप, ढप. एका लयीत. अंगावर काटा आला. म्हटलं, येतंय की मलाही.

चार मजूर लावले. साडेचार फूट खणलं. आतली माती फुटाण्यासारखी कोरडी. पाइप ठणठणीत. मिठाईवाले म्हणाले, “वाणीसाहेब, आता खोदलंच आहे तर भट्टी बसवून द्या.”

घरी येऊन हिला सांगितलं, आवाज नक्की येत होता. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “उशीला कान लावला की मलाही येतो. तो आपला आपल्यालाच येतो.”

मी चहा न घेता उठलो.

मंगळवार, १० मे

शेवटी भिकाला बोलावलंच. सकाळी अकराला एसटीतून उतरला, सोबत लोटन. साडेबाराला गळती सापडली, गवळीवाड्याच्या वळणावर, पिंपळाच्या अलीकडे. मी सोबतच होतो. रस्त्याच्या कडेला एक लूत लागलेलं कुत्रं कूस टाकून पडलं होतं, भिकानं त्याला हुसकावलं, त्याच जागेवर सळई टेकवली, कान लावला आणि मान हलवली. खणलं तर बोटभर चीर.

एक गोष्ट बघितली. सळई टेकवण्याआधीच लोटननं फावडं घेतलं होतं. फाजील आत्मविश्वास. शिकवलं बघा कसं.

शुक्रवार, १३ मे, आखाजी

पहाटे पाचला पाणी सोडलं. गवळीवाड्यात हंड्यांची रांग होती, बाया हसत होत्या. घरोघर घागरी भरल्या. दुपारी झोके, पत्ते, सांजोऱ्या. भिका ओट्यावर येऊन बसला, हिनं सांजोरी आणि आमरस दिला. मी म्हटलं, “नाव राखलंस.” तो हसला नाही, काही बोललाही नाही, वाटी चाटून पुसून खात राहिला. पाठमोरा नव्हता, पण मी बोललो तेव्हा त्याचं लक्ष वाटीत होतं.

वाईट वाटलं. कौतुक करावं तर हे असं. तिकडे बाईंनी ‘भिकाभाऊ’ म्हटलं की कळी खुलते.

शुक्रवार, २७ मे, धुळे

लॉजवर बसून लिहितोय.

आज सहाही नगरपालिकांची बैठक होती. भिका ३१ तारखेला रिटायर. कांचनबाईंनी मांडलं, की त्यानंतर भिकाभाऊंना सावडीनं सहा गावांचे शिक्षक म्हणून घ्यावं, राहण्याची सोय बोरदऱ्यात. त्यांनी एक पुस्तिकाही आणली होती, तिचं नाव ‘भिकाभाऊंची पद्धत’. सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझ्या डोक्यात काय गेलं कोण जाणे. आमच्या घरचं माणूस, आम्ही घडवलं, आणि आयत्या बिळावर हे नागोबा. मी उठलो आणि म्हणालो, “पुस्तकात बसणारी ही गोष्ट नाही. कान लागतो. तो काय आहे ते या लोकांनी अजून पाहिलेलंच नाही. भिका, दाखव यांना.”

कांचनबाई ताडकन उठल्या. “सर, नको. इथे नको.” मला वाटलं, बाईंचं पितळ उघडं पडतंय. मी आणखी जोर केला.

बाहेर फरशीचं अंगण. दोन पाइप शेजारी शेजारी, एक वाहता, एक बंद. आतून व्हॉल्व्ह फिरवायला मीच माणूस बसवला. भिकानं माझ्याकडे बघितलं. ते बघणं विसरू म्हणतोय, जात नाही. अंगणात ना झाड, ना ओल, ना कुत्रं. त्यानं सळई टेकवली, डोळे मिटले, पहिल्या पाइपला कान लावला, मग दुसऱ्याला. मग पहिल्याकडे बोट केलं. “पानी शे.”

पहिला बंद होता.

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. एक जण म्हणाला, “वाणीसाहेब, एवढ्या वर्षांची नव्वद हंड्यांची कथा हीच का?” मी भिकाला म्हणालो, “नीट ऐक, पुन्हा ऐक.” त्याच्या पाठीशी उभा राहून म्हणालो. तो हलला नाही.

कांचनबाई पुढे गेल्या, त्याच्या समोर उभ्या राहिल्या, आणि सावकाश म्हणाल्या, “भिकाभाऊ, सांगू का मी?” भिकानं मान हलवली. मग स्वतःच बोलला, सगळ्यांकडे न बघता, फरशीकडे बघत.

“माले आयकू येस नही. चार वरीस व्हयनात. उन्हायामा कुत्रं जठे कूस टाकस, तठे खाले पानी शे. निंब एकच फांदीले हिरवा, तठे बी शे. गाढवं उभं ऱ्हातस तठे बी शे. सळई मी नुसती टेकाडस.”

कुणी हसलं नाही. एकानं विचारलं, मग सळई कशाला?

भिका म्हणाला, “साहेब बठ्ठासले सांगतस, भिकाना कान, भिकाना कान. मंग सळई कशी सोडू?”

शनिवार, २८ मे

एकटाच परत आलो. भिका लोटनबरोबर दुसऱ्या गाडीनं.

बसमध्ये ती पुस्तिका वाचली. कुत्री, निंब, गाढवं, भिंतीची ओल, कडेचं गवत, ऋतूप्रमाणे सगळं मांडलंय. पहिल्या पानावर ‘श्री. शालिग्राम वाणी यांनी ही विद्या पंधरा वर्षं सांभाळली’ असं छापलंय. जत्रेत मिळालेल्या पोराला आईच्या ओटीत घालावं तसं. वाचून राग आला. शिव्या दिल्या असत्या तर सोपं झालं असतं.

कांचनबाईंना तिसऱ्या दिवशी कळलं, काल त्याच म्हणाल्या. मला चार वर्षांत नाही. माझ्यापेक्षा हुशार आहे म्हणून नव्हे. तिनं विचारलं.

हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला माहीत होतं. आखाजीला मी मागून सांजोरी आणखी देऊ का विचारलं, तीनदा.” मग म्हणाली, “तुम्हाला वाटलं असेल, मानी झालाय.”

सोमवार, ३० मे

चार वर्षं. नव्वद साल. ऑफिसात जाऊन जुनं मस्टर काढलं. भिका आधार बिऱ्हाडे, आठ दिवस, ह ह ह ह ह ह ह ह. माझ्याच अक्षरात, चांगल्या वळणदार. अपघात झालाच नाही, असं त्या आठ अक्षरांचं म्हणणं. कानातून रक्त आलं होतं, हे मला तेव्हा त्याच्या बायकोनं, झुंबरबाईनं, येऊन सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, हळद घाला.

दुपारभर बसून मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. की त्या आठ दिवसांत सदर कर्मचारी कामावर हजर नव्हता, तो सुरुंगानं जखमी होऊन घरी होता, हजेरी मी खोटी लावली, विहिरीत त्याला मी उतरवलं. सही केली. माझी नोकरी अजून नऊ वर्षं आहे. काय व्हायचं ते होईल. तीन वेळा फाडावासा वाटला. एकदा अर्धा फाडला, तो पुन्हा लिहिला.

मंगळवार, ३१ मे

सकाळी अर्ज दिला. मुख्याधिकाऱ्यांनी वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. “वाणी, कळतंय ना काय दिलंय ते?” हो म्हटलं.

संध्याकाळी निरोप समारंभ, नारळ, शाल. भिका शाल दोन्ही हातांनी धरून उभा होता. समारंभ संपला तसा चालू लागला, टाकीच्या रस्त्यानं. मी मागे होतो. सवयीनं तोंड उघडलं, हाक घशात आली.

मारली नाही. भराभर चालत पुढे गेलो, दम लागला, त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. तो थांबला.

“भिकाभाऊ,” म्हटलं, “कोणता कान?”

तो माझ्या ओठांकडे बघत होता. कधीपासून तो असा बघतोय. मला वाटायचं, साहेबाचा मान राखतोय.

“दोन्ही,” म्हणाला. “डावा जरासा शे. बोरदऱ्याना डाक्टर म्हने, टायमवर दखाडता तर वाचता.”

म्हणजे कांचनबाईंनी डॉक्टरकडेही नेलं होतं. एवढं सगळं झाल्यावरही पोटात तेच जुनं दुखलं, अगदी त्याच जागी. लाज वाटली, पण दुखलं.

“घरी चला,” म्हटलं. “चहा घेऊ. आत बसू.”

भिकानं शाल या हातातून त्या हातात घेतली. “सकायनी गाडी शे, साहेब. बोरदऱ्याले. कपडा भरना शेतस.”

मग वळला आणि गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत उभा होतो. आता हाक मारून उपयोग नव्हता.